वाफेचं इंजिन काढणाऱ्या मुलीस

बेळगाव

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रं मिळाली. मोबाइलच्या पडद्यावर समाधान होईना, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून मोठी छापून आणली, टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि निवांत बघितली. रंगाची समज तुला आहे. गुंजीच्या अलीकडची ती पावसात भिजलेली लाल दरड तू जशी काढलीस तशी काढायला पुष्कळांची निम्मी हयात जाते. झाडांत हिरवा रंग सरसकट ओतला नाहीस, तेही आवडलं.

इंजिन मात्र तुझ्या ओळखीचं नाही. असणार कसं? मिरज-बेळगाव-लोंढा मार्गावरचं कमी रुंदीचं मीटरगेज १९९०च्या दशकात निघालं, रुंद रुळांचं ब्रॉडगेज आलं, आणि तुझा जन्म त्यानंतरचा. तू इंटरनेटवरचा एक देखणा फोटो समोर ठेवलास आणि ते इंजिन खानापुराजवळ आणून उभं केलंस. मी शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतर आगगाड्याच रंगवतो आहे, आणि तरुण मुलांची अशी चित्रं माझ्याकडे बरीच येतात. त्या सगळ्यांत डोंगर आपले असतात, माणसं आपली असतात, इंजिन परकं असतं. म्हणून हे लांबलचक पत्र. न पाहिलेली वस्तू काढता येते असं माझं ठाम मत आहे, पण ती काय काम करत होती हे कळलं तरच.

आधी तोंडापासून सुरुवात करू. तुझ्या इंजिनाला पुढे डावीउजवीकडे धक्का झेलणारे दोन बफर आहेत. ते ब्रॉडगेजचं लक्षण. १८७६ ते १८७८च्या मोठ्या दुष्काळानंतर दक्षिण महाराष्ट्र आणि धारवाडकडच्या मुलखात धान्य पोहोचावं म्हणून जे लोहमार्ग घालायचं ठरलं, त्यासाठी १८८२मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. आपला मार्ग तिचा. हे रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर. आणि मीटरगेजला बफर एकच, बरोबर मधोमध, त्यातच डबा जोडायची आकडी. दोन बफर दिसले की जाणता माणूस चित्राखालचं ‘खानापूर’ वाचतच नाही.

रुंदीचंही तसंच. ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटरवर, आणि वरचा डबा त्याच्या दुपटीपेक्षा थोडा कमी रुंद. मीटरगेजचा डबा मात्र रुळांच्या अंतराच्या अडीचपटीहून जास्त रुंद असे. त्यामुळे समोरून बघताना गाडी रुळांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावलेली दिसते, खालून निमुळती, वर भरदार. हे प्रमाण तुझ्या पेन्सिलीत बसलं की निम्मं मीटरगेज आपोआप कागदावर उतरतं. फोटो कापून चिकटवल्यासारखं वाटतं ते हे प्रमाण चुकल्यामुळेच.

आपल्याकडच्या शेवटच्या काळात दोन जातींची इंजिनं ओळखायला शीक. वायपी आणि वायजी. वाय म्हणजे मीटरगेज, पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स. वायपीला पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. वायजीला पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन. वायपीची मोठी चाकं साडेचार फूट उंचीची, वायजीची चार फुटांची, कारण एकाला पळायचं असे आणि दुसऱ्याला ओढायचं. वायपी एकूण ८७१ बनली, वायजी १०७४, काही परदेशात, काही इथे. वायपी मोठ्या संख्येनं टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून आली. विलायती इंजिनाची नक्कल करत बसायचं काही कारणच नाही, आपली पुष्कळ इंजिनं देशातच घडलेली होती.

आता चाकं. तू चाकं काढलीस आणि त्यांवर एक दांडा आडवा टाकलास. तो दांडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याच्यावरच हात कचरतो. मोठ्या चाकांना एकमेकांशी बांधणारा दांडा रुळाला कायम समांतर असतो, इंजिन धावो की थांबो. त्यामुळे प्रत्येक चाकावरची खीळ एकाच कोनात येते: एका चाकावर ती खाली असेल तर सगळ्यांवर खाली. खिळीच्या बरोबर समोर, चाकाच्या दुसऱ्या अंगाला जड चंद्रकोर असते, ती वजन तोलण्यासाठी. पलीकडच्या बाजूची चाकं मात्र पाव फेरा पुढेमागे असतात, नाहीतर दोन्ही बाजूंचे दट्टे, म्हणजे पिस्टन, एकाच वेळी टोकाला अडले तर इंजिन हलणारच नाही. सिलिंडरमधून येणारा मोठा दांडा, त्याच्या वरच्या अंगाला हलणारे बारीक दांडे, मधली ती वाकडी पट्टी, हे सगळं मिळून ड्रायव्हर लोक ‘मोशन’ म्हणतात. वायपी-वायजीची मोशन वॉल्शार्ट नावाच्या बेल्जियन माणसानं १८४४ साली काढलेल्या रचनेची आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये इंग्रज चित्रकार टर्नरनं पाऊस, वाफ आणि वेगाचं आपलं ते प्रसिद्ध चित्र लोकांपुढे मांडलं. एकानं वाफेला शिस्त लावली, दुसऱ्यानं तिला रंगात मोकळं सोडलं, तेही एकाच साली. मला हा योगायोग फार प्रिय आहे. तुला दोघांकडून शिकायचं आहे, पण आधी बेल्जियन माणसाकडून.

मोशनचे सगळे दांडे रंगवायची गरज नाही. कुठून जोर येतो आणि कुठे जातो एवढं हाताला कळलं पाहिजे. ते कळलं की अर्धे दांडे सावलीत बुडवलेस तरी चालतं.

वाफेबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण सगळी चित्रं तिथेच फसतात. तुझ्या तिन्ही चित्रांत धूर एकसारखा आहे: धुराड्यातून निघालेला, मागे वळलेला, कापसासारखा. इंजिन स्टेशनात उभं असो, चढावर असो की उतारावर, धूर तोच. तो शोभेला लावला आहे. खरं म्हणजे इंजिन या क्षणी काय करतं आहे हे सांगायला चित्रकाराजवळ धुराइतकं दुसरं साधन नाही.

धुराड्यातून दोन गोष्टी निघतात. एक कोळशाचा धूर, दुसरी सिलिंडरमध्ये काम करून आलेली वाफ. धूर काळा किंवा करडा, वाफ पांढरी. फायरमननं नुकताच कोळसा टाकला असेल तर काही क्षण धूर काळाकुट्ट. आग नीट पेटली की तो पातळ, करडा, जवळजवळ दिसेनासा. चांगल्या फायरमनच्या इंजिनाला काळा धूर सतत नसे. तू ढगभर काळा धूर काढतेस तेव्हा त्या माणसाच्या कामाला नाव ठेवतेस, हे ध्यानात घे.

वाफ एका मोठ्या लोटात येत नाही, ती फुत्कारांनी येते. दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार. वायपीच्या चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वाचार मीटर, म्हणजे गाडी मीटरभर पुढे सरकली की एक फुत्कार. गाडी बेळगाव स्टेशनातून नुकती सुटते आहे असं दाखवायचं असेल तर हे फुत्कार वेगवेगळे दिसले पाहिजेत, गोळ्यामागून गोळा. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट ओलांडेपर्यंत ते एकमेकांत मिसळू लागतील. देसूरकडे वेगात असेल तर एकच लांब पट्टा. वेग दाखवायला चाकांभोवती रेघा ओढण्यापेक्षा हे कितीतरी खरं.

सुटताना आणखी एक गोष्ट होते. थंड सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असतं, ते बाहेर काढायला ड्रायव्हर खालच्या तोट्या उघडतो. मग चाकांच्या पुढे, अगदी प्लॅटफॉर्मच्या पातळीला, दोन्ही बाजूंना पांढऱ्या वाफेचे जोरदार फवारे सुटतात आणि जवळ उभी असलेली माणसं पदर, टोप्या सावरत मागे सरतात. गाडी थोडी पुढे गेली की तोट्या बंद. चाकांभोवतीची वाफ दाखवायची ती तेवढ्याच वेळेची, धावत्या गाडीला ती लावू नकोस. सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो तेव्हाही नीट बघ: अगदी तोंडाशी वाफ पारदर्शक असते, काही दिसतच नाही, थोडी वर गेल्यावर ती पांढरी होते. तेवढी रिकामी जागा सोडलीस की वाफेत दाब आहे हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. कुकरच्या शिट्टीपाशी हे घरीच बघता येईल.

हवेचा भाग तर आपल्या मुलखात फार मोठा. उगार-कुडचीकडे एप्रिलच्या दुपारी, कृष्णेच्या पुलावर, वाफ धुराड्याच्या वर हातभर जाते न जाते तोच कोरड्या हवेत विरते. उरतो तो पातळ धूर आणि बॉयलरवरची थरथरती हवा. तेच इंजिन ऑगस्टच्या सकाळी खानापूरला झिमझिम पावसात उभं असेल तर वाफ जाग्यावरून हलत नाही, डब्यांवर लोळते, झाडांत अडकते, कौलांवर बसते. एकाच मार्गावर एवढा फरक. माझं तर म्हणणं आहे, मिरज ते लोंढा हा प्रवास एकाच इंजिनाच्या वाफेतून कोणीतरी रंगवावा: शेडबाळची काळी जमीन, रायबागची ऊन-धूळ, घटप्रभेचं पाणी, पाच्छापूरचे खडक, बेळगावची लाल माती, मग जंगल. तू का रंगवू नयेस?

आणि घाट. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा मार्ग १८८८ साली सुरू झाला, तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि कॅसलरॉक हे हद्दीवरचं स्टेशन. चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस मीटर चाललं की एक मीटर वर. दूधसागरासमोरून जाणारी गाडी सगळेच काढतात, तूही काढलीस. पण तुझी गाडी गोव्याकडे निघाली आहे, म्हणजे उतरते आहे. उतरणाऱ्या गाडीचं इंजिन जोर लावत नसतं, त्याला एवढा धूर कुठला? तिथे ब्रेकचं काम असतं. गाडीची दिशा बदल, ती कॅसलरॉककडे चढू दे, मागे ढकलणारं बँकर इंजिनही लाव, मग पुढून आणि मागून दोन्हीकडून हवा तेवढा धूर काढ. धबधब्याचा पांढरा आणि वाफेचा पांढरा एकमेकांपासून वेगळे कसे करायचे हा खरा पेच तेव्हा पडेल. माझं उत्तर असं: पाणी थंड निळसर ठेव, वाफेच्या सावलीत किंचित तांबूस-पिवळी झाक दे, आणि दोन्हीच्या मध्ये ओला काळा खडक येऊ दे. तुझं उत्तर वेगळं निघालं तर मला कळव.

जलरंगात काम करतेस, तर वाफ म्हणजे कागद. पांढरा पोस्टर कलर वाफेसाठी वापरू नकोस, तो वर बसतो आणि वाळला की खडूसारखा दिसतो. आधी कागद ओला कर, वाफेची जागा कोरडीच सोड, भोवतीचा आकाशाचा रंग तिच्या कडेपर्यंत आण आणि कड कुठे विरघळू दे, कुठे धारदार राहू दे. फुत्काराची पुढची कड धारदार, मागची विरलेली. जास्त रंग गेला तर स्पंजनं उचल. जाड, खरखरीत कागद घे, पातळ कागद एवढं पाणी सोसत नाही.

इंजिन काळं असलं तरी ट्यूबमधला काळा नको. प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून स्वतःचा काळा तयार कर, कुठे निळ्याकडे झुकव, कुठे तपकिरीकडे. पुढचा धुरपेटीचा भाग उष्णतेनं रापलेला, करडा, चमक नसलेला. बॉयलर तेलाच्या फडक्यानं पुसलेला, त्यावर आभाळ उमटतं. चाकांवर तेल आणि धूळ. पुढची आडवी पट्टी लाल, ती अगदी शेवटी. डबे तांबूस-तपकिरी, आणि तो रंग आपल्या मातीच्या इतका जवळचा आहे की गाडी आणि जमीन एकत्र आणायला वेगळं काही करावं लागत नाही.

मिरजेबद्दल थोडं. १९७१मध्ये पुण्याहून ब्रॉडगेज मिरजेपर्यंत आलं. आपल्या बाजूनं मीटरगेज होतंच, आणि कुर्डुवाडी-लातूरकडची बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज १९२७पासूनच तिथे येत होती, रुळांत फक्त ७६२ मिलिमीटर अंतर असलेली. म्हणजे मीटरगेज जाईपर्यंत एका स्टेशनात तीन मापांचे रूळ. एका गेजचा माल उतरवून दुसऱ्यात चढवायचा तर तो हमालांच्या पाठीवरूनच जायचा. इंजिनांची चित्रं पुष्कळ झाली, त्या पाठींचं चित्र फारसं कोणी काढलेलं मला दिसत नाही. शेडमधल्या राखेतून अर्धवट जळालेले कोळसे चुलीसाठी वेचणाऱ्या बायकांचंही नाही. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला टपापर्यंत भरून जाणाऱ्या गाडीचंही नाही. हे विषय तुझ्यासाठी मोकळे पडले आहेत.

आता माणसं. ज्यांनी ही इंजिनं चालवली ते लोंढ्याला, मिरजेला, हुबळीला, इथे बेळगावात अजून आहेत, पण वय फार झालं आहे. मराठी, कन्नड, कोकणी, तेलुगू, सगळ्या घरांतली माणसं. मशीनच्या आधी त्यांच्याकडे जा. गेल्यावर “तेव्हा कसं होतं हो?” असं विचारू नकोस. अशा प्रश्नाला माणूस सगळं छानच होतं म्हणून सांगतो. चित्र घेऊन जा. केबिनच्या आतलं, जमेल तसं काढलेलं, आणि त्यांच्या मांडीवर ठेव. ड्रायव्हर लगेच म्हणेल, मी इथे बसत नव्हतो. फायरमन म्हणेल, फावडं असं धरलं तर कोळसा आगीच्या दारावरच सांडेल. मग तो उठून उभा राहील आणि फावडं कसं फिरवायचे ते करून दाखवेल. तेव्हा पटकन रेखाटन कर. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या खांद्यात ते काम अजून असतं, आणि कुठल्याही फोटोत ते सापडत नाही. पुढच्या मार्गाची परवानगी म्हणून मिळणारा टोकनचा गोळा धावत्या इंजिनावरून कसा झेलायचे, गार्ड कंदील कुठल्या हातात धरायचा, रात्री आगीचं दार उघडलं की उजेड चेहऱ्यावर कुठून पडायचा आणि वरच्या धुराच्या पोटाला लाल कसा लागायचा, हे सगळं विचार. कन्नड येत नसेल तर शेजारच्या मैत्रिणीला बरोबर ने. रेखाटनावर त्यांचं नाव, गाव, तारीख लिही, आणि चित्र पुरं झालं की त्याची एक प्रत त्यांच्या घरी नेऊन दे. यात टाळाटाळ चालणार नाही.

स्टेशनच्या पाटीवर कोणत्या लिपीत काय लिहिलं होतं ते त्या काळच्या फोटोवरून ताडून घे. आपल्या भागात पाटी हा हळवा विषय आहे, मला ठाऊक आहे, माझंही मन त्यात आहे. पण १९७५ सालचं स्टेशन रंगवताना तिथे जे होतं तेच लिही.

प्रत्यक्ष इंजिन बघायला म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात जा. ते १९७९पासून आहे, आणि तिथे इंजिनाच्या अगदी जवळ बसून रेखाटता येतं. एक पूर्ण दिवस फक्त चाकांना दे. चाकाचा लंबगोल काढताना त्याचा आखूड अक्ष आसाच्याच दिशेनं जातो एवढं एक सूत्र लक्षात ठेव, बाकी डोळा सांगेल. जिवंत वाफ बघायची तर निलगिरीची गाडी, मेट्टुपाळयम ते कुन्नूर. तीही मीटरगेजच, साडेबाराला एक अशा चढावर दातेरी रुळानं चढणारी. तिथली पुष्कळ इंजिनं तेलावर चालतात, त्यामुळे धुराचा रंग कोळशाचा समजू नकोस. वाफ मात्र खरी. आणि इकडे आताच्या स्टेशनांवर रेखाटायला बसशील तेव्हा प्लॅटफॉर्म तिकीट काढ, रुळांवर अजिबात उतरू नकोस.

लोक तुझ्याकडे पिवळट, जुन्या फोटोसारखी चित्रं मागतील, मावळत्या सूर्यासमोरून जाणारी गाडी मागतील. चार पैसे त्यात लवकर मिळतात, घरची गरज असेल तर एखादं काढ, मी रागावणार नाही. सवय मात्र लावून घेऊ नकोस. त्या काळातल्या माणसांना दुपारही होती, घामही होता, आणि त्यांची आगगाडी पिवळट नव्हती. ह्याच गावात के. बी. कुलकर्णींसारखे शिक्षक-चित्रकार होऊन गेले, रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले. बेळगावात बसून मोठं काम होत नाही असं कोणी म्हटलं तर ही नावं सांग.

दिवाळीनंतर ये. वायपीची एका बाजूची पूर्ण आकृती मोठ्या कागदावर मापानं काढून आण, एक फुटाला अर्धा इंच धर. रंग लावू नकोस. दूधसागराचं चित्रही घेऊन ये, गाडीची दिशा बदललेलं. लोंढ्याला माझ्या ओळखीचे एक निवृत्त ड्रायव्हर आहेत, त्यांना आधी फोन करून ठेवतो. त्यांना कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा जाड पेन्सिली जास्त घे, बोलणं कागदावरच करावं लागेल. सकाळच्या गाडीनं जाऊ, जेवणाचा डबा मी आणतो.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझे,
चित्रकलेचे सर